आवार ओळखून घेऊ या

(पुणे येथे विद्यापीठाच्या आवारात भरलेल्या महिला मेळाव्यातील पहिल्या सत्रात केलेले भाषण)



तुम्ही पहाटेच्या एस.टी.नं आलात, चहा झाला. चर्चा सुरू होण्यापूर्वी मी या जागेबद्दल थोडं बोलणार आहे. एरवी आपण मेळाव्याला येतो, दोन दिवस एका सभागृहात बसतो आणि परत जातो. बाहेरचं आवार आपल्याला परकंच राहतं.

ती मनोऱ्याची मुख्य इमारत एकोणिसाव्या शतकात इंग्रज गव्हर्नरासाठी बांधली गेली. १९४९ साली इथं विद्यापीठ आलं. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. १८४८ मध्ये मुलींना शिकवायला निघालेल्या ज्या बाईवर लोकांनी शेण फेकलं, तिचं नाव आज फाटकावर आहे. तेव्हा आत येताना आपण कुणी बिचकायचं कारण नाही.

पण नाव लागलं म्हणजे जागा बायांची झाली, असं होत नाही. इथं मुली शिकतात, तशा बाया झाडू मारतात, मेसमध्ये पोळ्या लाटतात. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी कामगार बाईलाही लागू आहे. त्याच वेळी तक्रार करणारी बाई तिथं नोकरीलाच असली पाहिजे, अशी अट त्यात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात तक्रार समिती हवी, तिच्यात निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. सुरक्षेचं कारण पुढं करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावता येत नाहीत, हेही त्यात लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. या समितीवर बाहेरची एक सदस्य असते, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा हा प्रश्न जाणणारी. म्हणजे ती तुमच्यामाझ्यातली असू शकते. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात त्या जागेवर कोण आहे, हे आपण कधी विचारलं आहे का?

म्हणून दुपारी जेवणानंतर तासभर तिघी-तिघींनी आवारात फिरा. समितीच्या सदस्यांची नावं कुठं लावली आहेत ते पाहा. बायांचं संडास कुठं आहे, वसतिगृहाच्या रस्त्यावर दिवे आहेत का, ते बघा. झाडणाऱ्या बाईशी बोला. समिती तिला माहीत आहे का, ते विचारा. संध्याकाळच्या सत्रात प्रत्येक गटानं पाहिलेलं सांगायचं. मग हीच यादी घेऊन आपापल्या गावच्या कॉलेजात जाऊ.