गोळ्यांची शिदोरी

श्रोतेहो, तुरुंगातल्या मनोरुग्णांविषयी बोलायला मला मोजकीच मिनिटं मिळालीत, म्हणून एकच हट्ट धरते. सुटणाऱ्या कैद्याच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

कायदा तसा चांगला आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम 103 सांगतं, प्रत्येक राज्यातल्या निदान एका तुरुंगात मनोरुग्णांच्या उपचारांची सोय हवी. त्याच कलमात एक गंमतही आहे. तुरुंगाच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी लिहून द्यायचं, आमच्याकडे मनोरुग्ण कैदी नाही म्हणून! असो.

बाळंतपण आटपून लेक सासरी निघाली की आई काय काय बांधून देते! डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, बाळाची गुटी. गाडी हलली तरी खिडकीशी सूचना चालूच. तिसऱ्या दिवशी फोन, लाडू खातेस ना गं?

आता बराकीतला एखादा मुलगा बघा. कानात आवाज यायचे, ते गोळ्यांनी थांबले. जेवू लागला, गिनतीला नीट बसू लागला. मग जामीन झाला. ऑर्डर दुपारी पोचली, संध्याकाळी सुटका. तोवर डॉक्टर घरी गेलेले. जमा केलेलं पाकीट, पट्टा, मोबाईल सही घेऊन परत मिळतात. गोळ्या मात्र आतच, कारण त्या रोज कंपाउंडरच्या हातून मिळायच्या. लाडवाचा डबा फळीवरच राहिला की हो! थोड्याच दिवसांत झोप उडते, आवाज परत येतात. तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि स्वारी पुन्हा त्याच बराकीत.

तुम्ही म्हणाल, सुटका कधी होणार ते तुरुंगाला काय ठाऊक? खरंय. आपल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. लेकीच्या जाण्याचा दिवस आईला माहीत असतो, इथे तो कोर्टाच्या हातात. मग पुडकं आधीच बांधून ठेवा ना! गोळ्या सुरू केल्या त्याच दिवशी चिठ्ठीही लिहा, बदल झाला की दुरुस्त करा आणि पाकीट-पट्ट्याशेजारी ठेवून द्या. रुग्णालयातून घरी पाठवताना पुढच्या उपचारांची आखणी करा, असं याच कायद्याचं कलम 98 सांगतं. तुरुंगाच्या फाटकाला ते का नको? पुन्हा सांगते, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी.

काचेपलीकडून खूण होतेय. पोलीस गार्ड मिळत नाही म्हणून सिव्हिलच्या हुकणाऱ्या तारखा, महिला बराक, आत येतानाच तुटणारी औषधं, सगळं राहिलंच. फाटकावर माणूस घ्यायला जाणाऱ्यांनो, आधी गोळ्या विचारा. नसतील तर दुसऱ्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा. रात्रीच काही वाटलं तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर फिरवा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि रविवार आलाय म्हणून सोमवारपर्यंत