वाटेत पंक्चर झालं तर काय करशील?

(ग्रामीण महिला वाहनचालकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे. – संपादक)

मी गेली नऊ वर्षं पिकअप चालवते. आमच्या भागातल्या बचत गटांनी मिळून ती घेतली आहे. नारायणगावच्या बाजूचा टोमॅटो, कोथिंबीर, मेथी भरायची आणि पुण्याला न्यायची, हे माझं काम. कविता किंवा अहवाल घेऊन मी आलेली नाही, पाना घेऊन आले आहे. पण पाना हातात घ्यायच्या आधी थोडं बोलावं लागेल.

ड्रायव्हरचं काम मागायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न कोणता विचारतात? लायसन आहे का, घाटात गाडी चालवली आहे का, हे नंतर. पहिला प्रश्न, ‘वाटेत पंक्चर झालं तर काय करशील?’ हाच प्रश्न घरात सासरा विचारतो, नवरा विचारतो, कर्ज देणारा साहेबही विचारतो. पुरुषाला तो कोणी विचारत नाही. मुलगा जणू जन्मतःच हातात जॅक घेऊन येतो! माझ्या माहितीतल्या कितीतरी पुरुष ड्रायव्हरांना चाक नीट बदलता येत नाही. ते फोन करून मेकॅनिक बोलावतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. एक, बाईच्या अंगात जोर नाही. दोन, बाई रस्त्यावर एकटी थांबली तर सुरक्षित नाही. या दोन्हींचा वेगवेगळा विचार करू या.

आधी जोराचं बोलू. घरातला भरलेला गॅस सिलिंडर किती किलोचा असतो? आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास. तो दारातून ओट्यापर्यंत कोण नेतं? आपण उचलून नेत नाही, तिरका करून कडेवर फिरवत नेतो. पिकअपचं चाक यापेक्षा जड नसतं, आणि तेही फिरवतच न्यायचं असतं. आता जातं आठवा. जात्याचा खुंटा मध्याजवळ न बसवता कडेला का बसवतात? मध्यापासून जितकं लांब, तितकं फिरवायला हलकं, म्हणून. व्हीलपान्याचं शास्त्र एवढंच आहे. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला चाळीस किलोचा भार दिला, तर पाव मीटरच्या दांड्याला ऐंशी किलो देऊन जे काम होतं, तेच होतं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. फक्त त्याला कोणी ‘तंत्रज्ञान’ म्हटलं नाही, कारण ते स्वयंपाकघरात होतं.

आता चाक बदलायची रीत. क्रम पाठ करा, कारण अपघात जोर कमी पडल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात.

पंक्चर झालं की गाडी रस्त्याच्या कडेला, सपाट आणि कडक जागी घ्या. उतारावर, वळणावर किंवा भुसभुशीत मातीत थांबू नका. टायर फाटला तरी चालेल, पण शंभर पावलं पुढे जाऊन चांगली जागा गाठा. हँडब्रेक लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चारही इंडिकेटर चालू करा. लाल त्रिकोण बराच मागे, येणाऱ्या गाडीला वेळेत दिसेल असा ठेवा. गाडीतली माणसं खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा. जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या विरुद्ध चाकाला पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. स्टेपनी गाडीखाली टांगलेली असेल तर ती जॅक लावायच्या आधीच उतरवून घ्या.

मग नट ढिले करा, चाक जमिनीवर असतानाच. हवेत उचललेलं चाक पान्याबरोबर गरगर फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. चाकाकडे तोंड केल्यावर पान्याचा दांडा डाव्या हाताला आडवा राहील असा बसवा आणि खाली दाबा. असं दाबलं की नट सुटायच्या दिशेने फिरतो, आणि आपलं वजन कामाला येतं. वर ओढायला जाल तर कंबर जाईल. पाना नटावर पुरता बसला आहे याची खात्री करा, एका हाताने गाडी धरा, दांड्यावर पाय ठेवून भार द्या. उड्या मारू नका. प्रत्येक नट अर्धा फेरा सोडा, काढू नका. काही जुन्या मोठ्या ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, तेव्हा नट हलत नसेल तर आधी आटे बघा.

आता जॅक. मागच्या चाकासाठी तो पाट्याजवळ, एक्सलखाली लावा. पुढच्या चाकासाठी पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. खाली जाड फळी ठेवा. भरलेली पिकअप तीन टनांच्या आसपास जाते, आणि जॅकवर त्याचं बळ लिहिलेलं असतं, ते वाचा. कमी असेल तर आधी माल उतरवा. जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय काही घालायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. मी स्वतः काढलेली स्टेपनी किंवा पंक्चर चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवते. जॅक सुटलाच तर गाडी त्यावर बसेल, माणसावर नाही.

नवं चाक बसवताना ते दोन्ही हातांनी उचलायची गरज नाही. गाडी एवढीच उचला की टायर जमिनीपासून बोटभर वर राहील. चाक फिरवत जागेवर आणा, टायरखाली पहार घाला आणि दुसऱ्या टोकाला दाबा. भोकं स्टडसमोर आली की चाक आत सरकवा. चाक आणि ड्रम यांच्या मध्ये बोटं घालू नका. नटाचं निमुळतं तोंड आतल्या बाजूला. आधी हाताने, मग समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळा, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. गाडी खाली घेऊन मग शेवटचं आवळणं. आवळताना लांब पाइप लावू नका, स्टड ताणला जाऊन तुटतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, नट गरजेपेक्षा जास्त ओढला जातो. आणि पन्नास किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा तपासा. हे फार जण विसरतात.

पण खरं सांगू का, चाक बदलायची वेळ कमी यावी ही खरी देखभाल. दर आठवड्याला टायर थंड असताना हवा बघा, स्टेपनीचीही. हवा कमी असली की टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, तापतात आणि शेवटी फुटतात. टायरच्या खाचांच्या तळाशी झिजेची खूण असते. रबर तिच्या बरोबरीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायचाच. बाजूला फुगवटा दिसला तर त्याच दिवशी. टायरवर चार आकडी तारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवा’ म्हणून जुना टायर कोणी गळ्यात मारत असेल तर हे वाचून दाखवा. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कमानपाटे रोज डोळ्यांखालून घाला. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरी काढताना आधी ऋण टोकाची तार सोडवा.

इथे एक नाजूक गोष्ट. चालू इंजिनच्या पट्ट्यात पदर, ओढणी, वेणी सापडू शकते. बांगडी किंवा मंगळसूत्र बॅटरीच्या टोकांना लागलं तर चटका बसतो, जखम होते. काम करताना ते काढून ठेवा. घरात बोलणं होईल. मलाही सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘सवाष्णीने गळा मोकळा ठेवू नये.’ मी त्यांना पट्टा फिरताना दाखवला. आता त्याच डबी देतात.

आणि संरक्षणाच्या नावाखाली काम काढून घेऊ देऊ नका. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम २२ मध्ये असं होतं की चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी बाईने करायचं नाही. फिरणारा पट्टा बाई-पुरुष बघून हात ओढतो का? यंत्र बंद करूनच हात घाला, हा नियम सगळ्यांनाच हवा. तो फक्त बाईसाठी केला की कामगार वाचत नाही, बाईचं काम तेवढं जातं.

असाच एक प्रसंग आमच्या गटात आला. आमच्या गाडीची क्षमता १७०० किलो. भरलेला क्रेट बावीस किलोचा धरला तर सत्याहत्तर क्रेट झाले. एक व्यापारी एकशे दहा भरा म्हणाला. मी नाही म्हटलं. ‘बाई ड्रायव्हर ठेवली की हेच,’ म्हणून त्याने फेरी दुसऱ्याला दिली. गटाच्या बैठकीत वाद झाला. हप्ता थकला होता, बायकांचा राग साहजिक होता. मी हिशोब मांडला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. टायर फुटला तर त्याचा खर्च वेगळा, आणि घाटात ब्रेक लागला नाही तर हिशोबच संपला. दोन तास बोलणं झालं. शेवटी ठराव झाला की गाडी निघण्यालायक आहे की नाही, यावर चालवणारीचा शब्द अखेरचा. मैत्रिणींनो, तुमच्या गटात गाडी असेल तर हा ठराव आधी करा, टायर नंतर घ्या.

आता दुसरा प्रश्न, रस्त्यावरच्या भीतीचा. ती भीती खरी आहे, तिला हसू नका. पण तिच्यावरचा उपाय बाईला घरी बसवणं हा नाही. निघताना मार्ग आणि वेळ गटात सांगा. थांबलात की ठिकाण कळवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही अडचण आली तर ११२. शक्य तिथे दोघी जा. आणि ज्या बाईला वीस-पंचवीस मिनिटांत चाक बदलून निघता येतं, ती तासन् तास परक्याच्या वाट पाहण्यावर अवलंबून राहत नाही. तिच्यासाठी हेच मोठं संरक्षण आहे.

वाट अगदीच नवी नाही. नंदुरबारला वाढलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी भोपाळहून देशभर ट्रक चालवत आल्या आहेत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं आहे की ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांच्याकडे चारचाकीचं लायसन आहे, त्यांच्यासाठी पिकअपचं काम आजही खुलं आहे.

तेव्हा आपल्या मागण्या काय? मोटार प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात बायकांच्या हातात पाना द्यावा, नुसतं स्टिअरिंग नाही. गटाला गाडीचं कर्ज मिळेल तेव्हा जॅक, पहार, ठोकळे, त्रिकोण, हातमोजे यांचा खर्च त्यात धरावा. आणि महामार्गावर बायकांसाठी उजेड, पाणी, संडास असलेले थांबे हवेत.

चला, बाहेर गाडी उभी आहे. आज प्रत्येकीने एकदा तरी नट सोडायचा आणि आवळायचा. जिने कधी स्कूटरही चालवली नाही, तिने आधी पुढे यावं.