टाके सुकले, पण मैदानावर कधी?

मी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते. आज गुडघ्याबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, गुडघेदुखी म्हणजे सासूबाईंचं दुखणं. पण मी सांगतेय ते सोळा-सतरा वर्षांच्या पोरींचं दुखणं आहे.

मी १९ वर्षांची होते. चढाई करताना पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. गुडघ्यात कट्कन आवाज आला. आतली लिगामेंट तुटली होती. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात. मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा हा दोरीसारखा बंध. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पाचव्या महिन्यात मी चालत होते, जिना चढत होते, हंडाही उचलत होते. तेवढ्यात निवड चाचणी आली. सगळे म्हणाले, "चांगली तर दिसतेस!" मी उतरले. तिसऱ्याच चढाईत तोच गुडघा पुन्हा गेला आणि माझा खेळ तिथंच थांबला.

चूक कुठं झाली? टाके सुकले म्हणजे आतलंही जुळलं, असं आम्ही समजलो. या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा आपल्याच पायातला स्नायूच्या टोकाचा दोरीसारखा भाग काढून तुटलेल्या बंधाच्या जागी बसवतात. ते एक प्रकारचं कलमच. आंब्याचं कलम जगलं म्हणून आपण लगेच फळ धरू देतो का? पहिली दोन-तीन वर्षं मोहोर खुडून टाकतो. तसंच हे. नवा बंध पहिल्या काही महिन्यांत उलट कमजोरच असतो. तो पक्का व्हायला वर्षभर, कधी जास्तही लागतं. म्हणून निदान ९ महिने सामना खेळायचा नाही.

पण नुसतं कॅलेंडर बघूनही चालत नाही. पायाची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती फिजिओथेरपिस्टकडेच. गुडघ्याला सूज नको. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, पूर्ण वाकला पाहिजे. ऑपरेशनच्या पायाची मांडी बारीक होते, तिची ताकद परत यायला हवी. मग एका पायावर लंगडी उडी. चांगल्या पायानं १०० सेंटिमीटर उडी जात असेल, तर दुसऱ्या पायानं निदान ९० तरी जायला हवी. आणि खाली येताना गुडघा आत झुकता कामा नये. हे जमलं की आधी सरळ पळणं, मग वळणं, मग धक्का न लागता सराव, मग पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. मधली पायरी गाळायची नाही.

आता दुसरी परीक्षा, मनाची. माझ्या संघातली एक मुलगी पायाच्या सगळ्या चाचण्या पास झाली. पण मैदानावर आली की रेषेजवळ जाऊन थबकायची. नजर सारखी गुडघ्याकडे. मी आधी रागावले, "घाबरतेस काय?" मग मला माझा तो कट् आवाज आठवला. ती भ्याड नव्हती. तिचं मन अजून त्या दिवशीच अडकलं होतं. अशा बुजलेल्या मनानं खेळलं की अंग आखडतं आणि पाऊल चुकीचं पडतं.

यासाठी डॉक्टरांकडे १२ प्रश्नांची एक यादीही असते. आपण घरी साधं विचारू शकतो. गुडघ्याचा विचार न येता खेळता येईल का गं? पुन्हा लागेल अशी धास्ती वाटते का? उत्तर "हो, भीती वाटते" असं आलं, तर हसू नका. आम्ही त्या मुलीला दोन महिने मागची पायरी दिली. आधी एकटीनं वळणं, मग एकाच मैत्रिणीची हलकी पकड, मग तिघींची. हळूहळू नजर गुडघ्यावरून समोर गेली. ११ व्या महिन्यात तिनं स्वतःच सांगितलं, "ताई, आता उतरते."

आणि "पोरीचा खेळ संपला, आता लग्न उरका" असं म्हणणाऱ्यांना विनेश फोगटची आठवण द्या. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा दुखावल्यावर तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्णपदक जिंकलं. मधली दोन वर्षं मेहनतीची होती.

एखादी मुलगी म्हणेल, मला आता नाही खेळायचं. तेही चालेल. पण तो निर्णय तिचा असू दे, भीतीचा किंवा शेजाऱ्यांचा नको.

मैत्रिणींनो, आपल्या गटात अशी मुलगी असेल तर दोन कामं करा. रोज तिच्या व्यायामाची वेळ घरकामातून मोकळी ठेवा. आणि फिजिओकडे जायला एसटीच्या भाड्याची, सोबतीची सोय करा. ऑपरेशनला आपण कर्ज काढतो, पण नंतरच्या व्यायामाला पैसे नाहीत म्हणतो. खरं काम तर त्या व्यायामानंच होतं.

माझ्या वेळी "थांब" म्हणणारं कुणी नव्हतं. तुमच्या लेकीला तुम्ही आहात.