असाध्य रोगात वेदनाशमनाची औषधे



‘आता उपाय नाही, घरी न्या,’ हे वाक्य नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबांच्या वाट्याला आले आहे. तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग उशिरा ध्यानात येतो, बार्शीच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयात खेपा होतात आणि अखेर रुग्ण किनवट, मुखेड वा निलंगा तालुक्यातील आपल्या गावी परततो. रोगावरचा उपाय संपला, हे खरे असू शकेल. वेदनेवरचा उपाय संपला, हे मात्र खरे नव्हे. उरलेले दिवस सुसह्य करणाऱ्या या वैद्यकास पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक शुश्रूषा म्हणतात. तिच्यातील औषधे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. परंतु घरची माणसे सल्ल्यासाठी पहिल्यांदा येतात ती बहुधा शिक्षकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे. म्हणून त्यांनाही या विषयाची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्या सांगितल्या. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल किंवा तत्सम गोळी. त्याने न भागल्यास कोडीन वा ट्रामाडॉल. तीव्र वेदनेस मॉर्फिन. या पायऱ्या ढोबळ आहेत. रुग्ण वेदनेने तळमळत असेल, तर पहिल्या पायरीवर आठवडे घालविण्याचे कारण नाही. खरे महत्त्व दुसऱ्याच गोष्टीला आहे. औषध शक्यतो तोंडाने द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. साध्या मॉर्फिन गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. वेदना उसळल्यावर गोळी शोधण्यापेक्षा ती उसळण्यापूर्वीच पुढची मात्रा पोटात जावयास हवी. आपल्याकडे इंजेक्शन म्हणजेच खरे औषध, ही समजूत फार खोल रुजली आहे. या बाबतीत ती चुकीची ठरते.

मॉर्फिन अफूपासून होते, हे कळताच घरात कुजबूज सुरू होते. माणूस व्यसनी होईल, श्वास थांबेल, ही भीती असते. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेने आरंभ करून बेताबेताने वाढविलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे क्वचित घडते. वृद्धास किंवा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यास मात्रा आणखी कमी ठेवतात. पहिले काही दिवस गुंगी व मळमळ जाणवते, ती बहुधा ओसरते. रुग्ण हाकेला ओ देईनासा झाला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर मात्र पुढची गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांस कळवावे. बद्धकोष्ठता आपोआप जात नाही. म्हणून मॉर्फिनबरोबरच रेचक सुरू करावे लागते. आजीबाईंच्या बटव्यातील सोनामुखीपासूनच केलेल्या गोळ्या यासाठी वापरतात. एवढे साधे औषध लिहून द्यावयाचे राहिल्यामुळे कोठा जडावलेला रुग्ण मॉर्फिनच सोडून देतो.

इतर लक्षणांचीही औषधे महाग नाहीत. नसेच्या जळजळणाऱ्या वेदनेस अमिट्रिप्टिलीन, वांतीस मेटोक्लोप्रमाइड. धाप लागल्यास अगदी अल्प मॉर्फिन व चेहऱ्यावर पंख्याचा वारा. चिघळलेल्या जखमेच्या दुर्गंधीने घरचेही खोलीत येण्याचे टाळतात. अशा जखमेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकली जाते. नातवंडे पुन्हा खाटेजवळ बसू लागतात, हा या औषधाचा लहानसा परिणाम म्हणता येणार नाही.

मग अडचण कोठे आहे? या देशात अफूचे पीक परवान्याने काढले जाते. नीमच व गाझीपूर येथे शासकीय अफू कारखाने आहेत. तरीही आपल्याच रुग्णास गोळी मिळणे दुरापास्त झाले. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू झाल्यावर मॉर्फिन ठेवण्यासाठी एकाहून अधिक परवाने लागू लागले आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ही गुंतागुंत कमी केली. मॉर्फिन, कोडीन, फेंटॅनिल आदी सहा द्रव्ये अत्यावश्यक ठरली आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कायदा बदलला, भीती मात्र कपाटाच्या कुलपात तशीच राहिली.

नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. परंतु किनवटच्या वाडीपासून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणून मॉर्फिन देणारी मान्यताप्राप्त संस्था जवळपास कोणती, याची चौकशी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात करून तिचे नाव पंचायतीच्या फलकावर लावता येईल. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांतही उपशामक शुश्रूषेचा समावेश आहे. तेथील कर्मचारी व आशा ताई यांना गावातील अशा रुग्णाची माहिती द्यावी. पुढच्या खेपेस रुग्णाऐवजी नातलगास गोळ्या मिळतील का, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे. घरात गोळ्या कुलपात, मुलांच्या हाती न लागतील अशा ठेवाव्यात, दिलेल्या मात्रेची वेळ वहीत लिहावी आणि रुग्णाच्या पश्चात उरलेल्या गोळ्या ज्या संस्थेने दिल्या तिच्याकडे मोजून परत कराव्यात.