हिमावरील मोटार

आकाशातून भुरभुरत खाली येतो तोही बर्फ आणि सरबताच्या पेल्यात तरंगतो तोही बर्फ. मराठी माणसाचे या एका शब्दावर सहज भागते. सह्याद्रीच्या सावलीत राहणाऱ्याला याहून अधिक बारकाव्याची गरज पडत नाही. परंतु ऐन पौषात मनालीहून सोलंगकडे मोटार हाकणाऱ्याला शब्दांची ही काटकसर परवडणारी नाही. नुकतेच पडलेले भुसभुशीत हिम चाकाखाली दबते, टायरच्या खाचांत शिरते आणि चाकाला थोडाफार आधार देते. तेच हिम दिवसभर शेकडो चाकांखाली तुडवले गेले, दुपारच्या उन्हात किंचित वितळले आणि सूर्य कलताच पुन्हा गोठले, म्हणजे त्याची काच होते. सावलीतल्या वळणावर ही काच इतकी नितळ असते की खालचे डांबर स्वच्छ दिसते आणि रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. तापमान शून्य अंशाच्या आसपास असताना ती सर्वांत दगाबाज. कारण तिच्या पाठीवर पाण्याचा सूक्ष्म थर असतो.

पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद होई आणि लाहूलचा मुलूख कित्येक महिने रस्त्याने तुटलेला राही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहूलच्या रुग्णाला मनालीची वाट हिवाळ्यातही लाभली. हे त्या बोगद्याचे खरे पुण्य. मात्र त्याच वाटेने, जन्मात कधी हिम न पाहिलेले चालकही आपापल्या मोटारी घेऊन जाऊ लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान शेकडो वाहने अडकून पडली, ती काही सगळीच नादुरुस्त नव्हती.

मोटारींचे स्वभाव मात्र निरनिराळे. जुनी अँबॅसडर किंवा फियाट घ्या. एंजिन पुढे आणि त्याची शक्ती मागच्या चाकांना. मागची बाजू हलकी असल्याने ही चाके हिमावर जागच्या जागी फिरत राहतात आणि वळणावर वेग जरा अधिक दिला की गाडीची शेपटी बाहेर झुकते. डिकीत ओझे टाकणे हा त्यावरचा साधा उपाय. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये एंजिनचा भार ओढणाऱ्या पुढच्याच चाकांवर आला. त्यामुळे सपाटीवरच्या हिमात ही चिमुकली गाडी पुष्कळ धिप्पाड गाड्यांना मागे टाकू शके. पण चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि ओढणे व वळणे ही दोन्ही कामे त्यांच्याच माथी असल्याने ती डगमगतात. अशा वेळी एखादा अनुभवी चालक तोंड फिरवून छोटा चढ उलट्या गिअरमध्ये चढून जातो. पाहणाऱ्याला ते हास्यास्पद वाटते, पण त्यामागे शुद्ध पदार्थविज्ञान आहे.

उंच, जीपसारख्या दिसणाऱ्या गाड्यांविषयी लोकांचा मोठा गैरसमज असतो. त्यांपैकी कित्येकींची दोनच चाके ओढतात; देह तेवढा दांडगा. ज्यांची चारही चाके खरोखर ओढतात, त्या चढावर निःसंशय सरस. पण खरा धोका तेथेच दडलेला आहे. निघण्यासाठी कोणत्या गाडीला किती चाकांची शक्ती मिळते यात भेद आहे, थांबण्यासाठी नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतो. साधी गाडी चढाच्या पायथ्याशीच घसरू लागते आणि मालकाला वेळीच सावध करते. चार चाकांची गाडी हा इशारा न देता त्याला वर नेते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे त्याला उतरताना कळते.

ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. निसरड्या बर्फावर तिला ६० मीटरही पुरत नाहीत. वेग २० वर आणला तर अंतर १६ मीटरांच्या आसपास येते. वेग निम्मा, अंतर चौथाई.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावयाचा, सुकाणू हलक्या हाताने फिरवावयाचे आणि ब्रेकवर एकदम पाय द्यावयाचा नाही. विजेच्या मोटारीत तर वेगाच्या पट्टीवरून पाय उचलताच मोटरच ब्रेकचे काम करू लागते. तो ओढा आधीच कमी करून ठेवणे बरे. साखळ्या बांधावयाच्या त्या ओढणाऱ्या चाकांना. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांना त्या बांधणे म्हणजे बैल सोडून गाडीला वेसण घालण्यासारखे होय.

आणि गाडी अडकलीच तर? जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात मोटारी अडकून वीसहून अधिक माणसे दगावली. ती दरीत कोसळली नव्हती. उबेसाठी एंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसलेल्यांपैकी काहींचा बळी कार्बन मोनॉक्साइडने घेतला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. सायलेन्सरची नळी हिमाखाली गाडली गेली की हा वायू गाडीखालून आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला तो झोपेसारखा वाटतो. अशा रात्री एंजिन अगदी थोडाच वेळ चालवावे, तेही आधी उतरून सायलेन्सरभोवतीचे हिम हातांनी का होईना दूर केल्यावरच. आणि वाऱ्याच्या आडोशाकडची काच बोटभर उघडी ठेवावी. डिकीत एक फावडे आणि चार घोंगड्या असल्या तर एंजिनची गरजही फारशी लागत नाही.