धुराड्यांतलीं मुलें

एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडचें नांव घेतलें कीं दोन चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक गिरण्यांचें व त्यांच्या धुराचें. दुसरें, रविवारीं सहकुटुंब प्रार्थनेस जाणाऱ्या, दिलेला शब्द पाळणाऱ्या, काटकसरी आणि सभ्य गृहस्थाचें. या गृहस्थाची नीतिमत्ता तपासावयाची झाल्यास बहुतेक लेखक गिरण्यांकडे व खाणींकडे बोट दाखवितात. परंतु गिरणी दूर होती आणि खाण जमिनीखालीं होती. ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणावयास तेथें थोडी तरी जागा होती. त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यांत, आगटीच्या मागें जें चाललें होतें, त्याविषयीं तसें म्हणतां येत नव्हतें.

त्या थंड देशांत घरोघरीं खोल्यांतून आगटी असे आणि तिचा धूर भिंतींतल्या धुराड्यांतून वर जाई. दगडी कोळशासाठीं बांधलेलीं हीं धुराडीं अरुंद आणि वांकडींतिकडीं असत. कांहींचें तोंड तर नऊ इंच लांब व नऊ इंच रुंद एवढेंच. आंत साचलेली काजळी वेळोवेळीं काढली नाहीं, तर ती पेट घेई. इतक्या जागेंत मोठा माणूस शिरणें शक्यच नव्हतें, म्हणून पांचसहा वर्षांचीं मुलें आंत चढवीत. कांहीं मुलें गरीब आईबापांकडून थोड्या पैशांत मिळत. कांहीं अनाथ मुलें स्थानिक अधिकारीच उमेदवारीच्या कराराने मालकाच्या हवालीं करीत. चढतांना कोपरें व गुडघे सोलून निघत. कातडी निबर व्हावी म्हणून त्यांवर मिठाचें पाणी चोळून मुलाला विस्तवाजवळ उभें करण्याची रीत होती. वळणावर काजळी अंगावर कोसळली, तर मूल तेथेंच गुदमरे. जीं वांचत, त्यांपैकीं कित्येकांना पुढें काजळीपासून होणारा कर्करोग गांठी. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें त्याचें वर्णन १७७५ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

म्हणजे गोष्ट गुप्त नव्हती. १७८८ सालीं पार्लमेंटनें आठ वर्षांखालील मुलांस या धंद्यांत घेऊं नये असा कायदा केला. पण तो अमलांत आणणारें कोणी नेमलेंच नाहीं. १८०३ सालीं लंडनमध्यें या मुलांच्या सुटकेसाठीं एक मंडळी स्थापन झाली, आणि थोड्याच काळांत जॉर्ज स्मार्ट नांवाच्या कारागिरानें एकांत एक बसणाऱ्या पोकळ काठ्यांचा लांब ब्रश तयार केला. मूल आंत न घालतां बहुतेक धुराडीं त्यानें झाडतां येत. आतां अडचण कशाची उरली? अडचण गालिचाची उरली. ब्रशानें काजळी खोलींत सांडते, वळणाच्या धुराड्यांना झडपा बसवाव्या लागतील, त्याला खर्च येईल, अशा तक्रारी घरोघरीं निघाल्या. याच राष्ट्रानें १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बंद केला होता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. समुद्रापलीकडील बेडी त्याला दिसली. भिंतीपलीकडचें मूल दिसलें नाहीं.

१८१९ सालीं हा प्रश्न सरदारांच्या सभेपुढें आला, तेव्हां लॉर्ड लॉडरडेल यांनीं प्रतिपादन केलें कीं, असल्या सुधारणा कायद्यानें लादूं नयेत. पृथ्वीवरील कदाचित् सर्वांत नीतिमान् अशा या लोकांच्या सद्भावनेवरच त्या सोंपवाव्या. बिल फेटाळलें गेलें. पुढें १८३४ चा कायदा झाला, १८४० चा झाला. या दुसऱ्यानें तर एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढविण्यास बंदी केली. लंडनमध्यें तो बऱ्याच अंशीं पाळला गेला; परंतु इतर शहरांत व मोठमोठ्या वाड्यांत जुनीच रीत चालूं राहिली. खटला झालाच, तर न्यायासनावर बसलेल्या गृहस्थाच्या स्वतःच्या घरचीं धुराडीं अनेकदां तशींच वांकडीं असत, आणि आरोपी सुटून जाई. १८६३ सालीं चौकशीमंडळापुढें आलेल्या साक्षींवरून, कित्येक ठिकाणीं अशीं मुलें वाढलींच असल्याचें उघड झालें. त्याच वर्षीं चार्ल्स किंग्जली यांची ‘द वॉटर-बेबीज’ ही कथा पुस्तकरूपानें निघाली. तिचा नायक धुराडीं झाडणारा मुलगाच आहे. वाचकांनीं तिचें कौतुक केलें. लॉर्ड शाफ्टस्बरी यांच्या खटपटीनें १८६४ सालीं आणखी एक कायदा झाला, तोही बव्हंशीं कागदावरच राहिला.

१८७५ च्या आरंभीं केंब्रिजजवळ फुलबर्न येथील वेड्यांच्या इस्पितळाचें धुराडें झाडावयास जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा चढला. त्याचें वय अकराबारा वर्षांचें. तो आंत अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलें, पण तो जगला नाहीं. मालकास सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शाफ्टस्बरी यांनीं हें प्रकरण हातीं घेतलें आणि त्याच वर्षीं नवा कायदा करविला. धुराडीं झाडणाऱ्या प्रत्येक धंदेवाल्यानें दर वर्षीं पोलिसांकडून परवाना घ्यावा, आणि बंदी मोडणारांवर पोलिसांनीं नजर ठेवावी, एवढीच त्यांतील नवी गोष्ट. तेवढ्यानें ही चाल बंद पडली.

पहिल्या कायद्यापासून या कायद्यापर्यंत सत्त्याऐंशी वर्षें गेलीं. तेवढ्या काळांतील सारे इंग्रज गृहस्थ दांभिक होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं अनाथालयांना देणग्या दिल्या, आणि मुलांच्या बाजूनें अर्ज करणारे, पदरचे पैसे खर्च करणारे लोकही त्यांच्यांतूनच निघाले. इतरांची दयाही खोटी नव्हती. परंतु ती दया एका पारड्यांत आणि स्वतःची सोय दुसऱ्या पारड्यांत पडली कीं, तराजू ज्याच्या हातीं तोच सोयीच्या बाजूला झुके. म्हणून तो तराजू एकेका गृहस्थाच्या हातून काढून समाजाच्या हातीं द्यावा लागला. कायद्यानें कोणाचें अंतःकरण मृदु होत नसेल. पण अंतःकरण मृदु होईपर्यंत मुलाला वाट पाहावी लागत नाहीं.

घर स्वच्छ ठेवणें हा गृहस्थाश्रमाचा धर्म खराच. तें कोणाच्या हातांनीं आणि कोणत्या मोलानें स्वच्छ होतें, याची चौकशी करणें हाही त्याच धर्माचा भाग आहे.