सांगावे की न सांगावे
आपले मन आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ घेते, हे उमगलेल्या नववी-दहावीच्या मुलाने वा मुलीने ते शाळेत प्रकट करावे की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्यांचाच असून तो कोणाच्याही तगाद्याने घेतला जाऊ नये, असे मला मनःपूर्वक वाटते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या फौजदारी कक्षेतून मुक्त केले खरे. परंतु मधल्या सुट्टीत डब्यांभोवती चालणाऱ्या कुजबुजीवर त्या निकालाचा अंमल पोहोचत नाही. म्हणून प्रथम एकच विश्वासाचे माणूस, मावशी, मैत्रीण वा समुपदेशक, निवडावे. वार्ता घरी गेल्यास आसरा कोण देईल, फी कोण भरील, याचाही आधी विचार करावा. मन फारच व्याकुळ झाले, तर १४४१६ या शासकीय ‘टेलिमानस’ क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.